द्रवणे म्हणजे धावणे

कोजागरीच्या रात्री घरोघरी दूध आटते आणि मंदिरांतून कीर्तने रंगतात. ती ऐकून मन द्रवले, असे श्रोते म्हणतात. हा 'द्रवणे' शब्द आला कोठून?

पाणिनीय धातुपाठात 'द्रु' धातूचा अर्थ 'गती' असा दिला आहे. द्रुत लय त्यातलीच आणि अंगावर धावून येणारा उपद्रवही त्याच कुळातला. थिजलेले तूप उष्णतेने पातळ होऊन वाहू लागते, म्हणून ते द्रवले. जे मऊ झाले पण जागचे हलले नाही, त्याला हा शब्द शोभत नाही.

सोळाव्या शतकातील मधुसूदन सरस्वतींनी 'भक्तिरसायन' ग्रंथात चित्ताला लाखेची उपमा दिली आहे. लाख स्वभावतः कठीण; तापली की पातळ होते आणि त्या वेळी तिच्यात मिसळलेला रंग ती निवल्यावरही जात नाही. भगवद्गुणांच्या श्रवणाने द्रवलेल्या चित्ताची वृत्ती अखंड धारेप्रमाणे सर्वेश्वराकडे वाहू लागली, की तीच भक्ती, असे ते सांगतात. येथेही वाहणे आलेच.

आमचे रामटेक म्हणजेच 'मेघदूता'तील रामगिरी, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. त्या काव्यातील अलकानगरीत चंद्रकांत मणी टांगलेले आहेत. चांदणे पडताच ते पाझरतात आणि त्यांचे थेंब थकल्याभागल्यांचा शीण हरतात. मणी दगडाचा, पण त्याचा पाझर दुसऱ्याच्या उपयोगी पडतो!

कीर्तनाच्या उत्तररंगात द्रौपदीचा धावा ऐकताना सभामंडपात पदर डोळ्यांना लागतात. ते अश्रू खोटे नसतात. परंतु आरती होते, प्रसाद घेतला जातो आणि पायरीवर कुडकुडत बसलेल्या वृद्धेला वळसा घालून तीच मंडळी घरी जातात. द्रौपदीसाठी भगवंत धावला, ही कथा ऐकून आपण मात्र बसल्या जागी रडलो. याला द्रवणे कसे म्हणावे? लाख तापली, पण रंग न घेताच निवली, एवढेच.

आज मध्यरात्री लक्ष्मी 'कोण जागे आहे?' असे विचारीत फिरते, अशी आपली श्रद्धा आहे. भाविकहो, आटवलेल्या दुधाचा पहिला पेला देवापुढे ठेवावा आणि दुसरा उंबरठ्याबाहेर न्यावा. ज्याचे चित्त दुसऱ्याच्या दुःखाकडे धावले, तोच खरा जागा.