दाखवणे आणि भरवणे

अन्न देण्याच्या क्रियेसाठी मराठीत क्रियापदांची चंगळ आहे. वाढणे, भरवणे, चारणे, पाजणे, जेवू घालणे. देवाच्या बाबतीत मात्र आपण एक निराळेच क्रियापद योजतो. नैवेद्य आपण 'दाखवतो'. देवाने तो खाल्लाच पाहिजे, असा हट्ट त्या शब्दात नाही. सापाच्या वाट्याला मात्र भाषेने 'पाजणे' दिले. सापाला दूध पाजणे! पाळलेला वा पकडलेला साप अन्न नाकारू लागला की माणसाच्या हातून जे अनर्थ घडतात, त्यांचे मूळ मला या क्रियापदात दिसते.

हा वाक्प्रचार मोठा कावेबाज आहे. साप दूध पितो हे तो गृहीत धरतो आणि वर सापाला कृतघ्न ठरवून मोकळा होतो. मूर्खाला केलेल्या उपदेशाला सापाच्या दुधाची उपमा देणाऱ्या पंचतंत्रापासून ही परंपरा चालत आली आहे. वस्तुतः दूध हे सापाचे अन्नच नव्हे आणि ते पचवण्याची सोयही त्याच्या शरीरात नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग वाटीला तोंड लावताना दिसे, कारण त्याला कित्येक दिवस पाणी मिळालेले नसे. अनेकदा त्याचे दातही उपटलेले असत. तहानेने घेतलेले ते दूध श्वासमार्गात गेले तर फुफ्फुसाला संसर्ग होऊन साप मरतो. गरळ ओकण्याइतकी उसंतही त्याला मिळत नाही. पाटावर मातीचा नाग मांडून लाह्या-दूध ठेवणारी गृहिणी या पापात नाही. ती बिचारी नैवेद्य दाखवतेच आहे.

नैवेद्य न खाणाऱ्याला खायला लावण्याची आपली सर्वांत लाडकी कथा पंढरपूरची आहे. वडील दामाशेटी घरी नसताना बाल नामदेव नैवेद्य घेऊन राउळात जातो, विठ्ठल जेवत नाही म्हणून रडतो, पायांवर डोके आपटू लागतो आणि अखेर देव जेवतो. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एकात हा प्रसंग दुधाच्या वाटीसह येतो. नामदेवाला 'दाखवणे' हे क्रियापद मान्य नाही, त्याला 'भरवणे'च हवे, यात कथेचे सारे सौंदर्य आहे. परंतु हा आग्रह फळतो, कारण समोरच्याला प्रेम कळते. सापाला ते कळत नाही. आपला हात त्याला एक उष्ण, मोठा आणि बहुधा धोकादायक प्राणी म्हणून जाणवतो. भक्तीतला हट्ट सापावर चालवला की त्याचा जुलूम होतो.

हा प्रश्न आता केवळ गारुड्यांचा राहिलेला नाही. नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन हा बिनविषारी साप भारतीय घरांतूनही पाळला जातो. २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनी अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली. हा साप उपाशी राहण्याबद्दल प्रसिद्ध आहे. धडधाकट, प्रौढ बॉल पायथन काही महिने काही न खाता राहू शकतो. आषाढीला पंढरपुरात न जेवणाऱ्याला कोणी आजारी म्हणत नाही (साबुदाण्याचा विषय तूर्त सोडून देऊ). सापाचा उपास मात्र मालकाला सोसत नाही.

अशा वेळी प्रथम पाहावी ती जागा. पेटीची उबदार बाजू ३१-३२ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५-२६ हवी. सोलापूर जिल्ह्यातल्या डिसेंबरच्या रात्री आणि मे महिन्यातल्या दुपारी दोन्ही या हिशेबात बसत नाहीत. अंग चोरून बसता येईल असा आडोसा दोन्ही बाजूंना असावा. डोळे दुधाळ झाले असतील तर कात टाकायची वेळ आली आहे, तेव्हा अन्न देऊच नये. एरवी संध्याकाळनंतर, सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा, मेलेला, गोठवून ठेवलेला आणि पूर्ण वितळवून गरम पाण्यात कोमट केलेला उंदीर लांब चिमट्याने समोर धरावा. हाताने धरू नये. उंदराचा वास लागलेला हात आणि उंदीर यांत साप भेद करत नाही. घेतला नाही तर उंदीर ठेवून दिवा मालवावा आणि खोलीबाहेर पडावे. सकाळी तसाच असेल तर उचलून टाकावा. पुढचा प्रयत्न आठ-दहा दिवसांनी. मधल्या काळात सापाला हाताळू नये. खाल्ल्यास पुढचे दोन दिवस तर मुळीच नाही, नाहीतर गिळलेले तो ओकून टाकतो.

म्हणजे काय, तर नैवेद्य दाखवावा आणि परत न्यावा.

याच्या नेमके उलट दोन उपाय अधीर माणसाला सुचतात. एक, जिवंत उंदीर सोडणे. भूक नसलेल्या सापाला कोंडलेला उंदीर कुरतडतो; पाठीचे मांस निघेपर्यंत कुरतडल्याची उदाहरणे आहेत. दुसरा, जबडा उघडून घास कोंबणे. त्यात अन्ननलिका फाटू शकते, आणि एवढे करून साप तो घास बहुधा बाहेर टाकतो. हे काम सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाचे. त्याच्याकडे केव्हा जावे, हे वजनकाटा सांगतो. दर आठवड्याला वजन करावे. मूळ वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक घट झाली, किंवा साप तोंड उघडून, घरघर करत श्वास घेऊ लागला, की थांबू नये. पिल्लाच्या बाबतीत एवढीही वाट पाहू नये. पाण्याची वाटी मात्र सतत भरलेली असावी.

माझी खरी तक्रार मात्र या हौशी पाळणाऱ्यांपेक्षा काही सर्पमित्रांविषयी आहे. घरात निघालेली धामण वा नाग पकडून 'जरा खाऊ दे, मग सोडू' म्हणत बरणीत वा पोत्यात दिवसेंदिवस ठेवणारे मी पाहिले आहेत. त्यात दुष्टपणा नसतो, पंक्तीतला जिलबीचा आग्रह असतो. पण भेदरलेला रानसाप बरणीत खात नाही आणि त्याला ठेवून घेणे कायद्यातही बसत नाही. जखमी नसेल तर वनविभागाला कळवून, पकडल्या जागेच्या आसपास, त्याच दिवशी सोडावे. उंदीर कुठे मिळतो हे त्याला ठाऊक असते.