कृषी पर्यटन : शेती राखून की शेती झाकून?

पौष लागला की पुणे–सोलापूर आणि पुणे–अहिल्यानगर या रस्त्यांच्या कडेला ‘हुरडा पार्टी’चे फलक झळकू लागतात. माणशी दर, गाड्या लावण्याची सोय, मुलांसाठी झोके आणि बैलगाडीची एक फेरी असा सगळा तपशील त्यावर दिलेला असतो. एके काळी हुरड्याचे आमंत्रण असे. आता त्याचे दरपत्रक असते. या बदलाने जुन्या पिढीतील काही मंडळी हळहळतात. परंतु ही हळहळ फार मनावर घेण्याचे कारण नाही. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीला बाजारात कधी मनासारखा भाव मिळाला नाही, त्याच्या कणसाला शहरातला माणूस आपल्या पायाने येऊन चार पैसे अधिक देत असेल, तर त्यात नाक मुरडण्यासारखे काय आहे? विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. त्या फलकामागे ज्वारीचे शेत आहे काय?

हा प्रश्न वाटतो तितका खोडसाळ नाही. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात जमिनीतल्या ओलीवर पेरली जाते. पौषाच्या सुमारास दाणा दुधाळ होतो, भरतो, आणि थोड्याच दिवसांत घट्ट होऊ लागतो. एका वावरातला हुरडा फार दिवस टिकत नाही. म्हणून हुरड्यासाठीच सुरती किंवा गुळभेंडीसारखे वाण करणारा शेतकरी वावराचे तुकडे पाडून मागेपुढे पेरणी करतो, म्हणजे पाहुण्यांना महिना-दीड महिना कोवळी कणसे देता येतात. आगटीत गोवऱ्यांच्या आरावर कणीस भाजणे, ते हातावर चोळून दाणे पाखडणे आणि गरम असतानाच पाहुण्यापुढे ठेवणे हेही कसबाचे काम आहे. इतके सारे करणारा शेतकरी आपल्या ज्ञानाचे आणि श्रमाचे मोल घेतो. याउलट कुठल्या तरी मंडईतून हुरड्याची पोती आणून पोहण्याच्या तलावाकाठी वाढणारा मनुष्य खाणावळ चालवितो. खाणावळ चालविणे हा गुन्हा नव्हे. पण तिला ‘कृषी पर्यटन’ म्हणावयाचे आणि शेतीच्या नावाने मिळणाऱ्या सवलती तिच्या पदरात टाकावयाच्या, हे मात्र सर्वस्वी गैर आहे.

जोडधंद्याची गरज

पर्यटनाचे वारे महाराष्ट्रात आजच वाहू लागले आहे असे नाही. राज्याचे पर्यटन विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले. सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. रायगड जिल्ह्यात नेरळजवळची ‘सगुणा बाग’ गेली अनेक वर्षे शहरी माणसाला भातखाचर आणि मत्स्यतळे दाखवीत आली आहे. २०२० साली राज्य मंत्रिमंडळाने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण संमत केले आणि अशा केंद्रांच्या नोंदणीचे काम पर्यटन संचालनालयाकडे सोपविले. धोरणाचा हेतू स्तुत्य आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे.

त्याची गरज किती आहे हे एका आकड्यावरून कळते. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील वहितीचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेदहा एकर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरांवर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आले. दोन पिढ्यांच्या वाटण्यांत शेतकऱ्याची जमीन एकतृतीयांशाहूनही कमी उरली. सव्वातीन एकर कोरडवाहूवर पाच माणसांचे कुटुंब, मुलांचे शिक्षण आणि घरातले आजारपण कसे निभावणार? काही लोक म्हणतात, शेतमालाला रास्त भाव द्या, मग पाहुण्यांच्या पंगती उठविण्याची वेळ शेतकऱ्यावर येणार नाही. रास्त भावाची मागणी योग्यच आहे आणि पर्यटनाच्या गप्पांत ती विसरली जाता कामा नये. परंतु इतक्या लहान तुकड्यावर भाव मिळूनही जोडधंद्यावाचून भागत नाही, हा अनुभव आहे. दुधाचा धंदा पुष्कळ घरांत तग धरून राहिला, त्याचे एक कारण असे की जनावर शेतातल्या कडब्यावर जगते आणि त्याचे शेण पुन्हा शेतात जाते. जोडधंदा मुख्य धंद्याला जोडलेला असावा लागतो. पर्यटनालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

इटलीने काय केले?

या बाबतीत इटलीचे उदाहरण उद्बोधक आहे. डोंगराळ भागातील शेते ओस पडू नयेत आणि जुनी शेतघरे मोडकळीस येऊ नयेत, या विचाराने त्या देशाने १९८५ साली शेत-पर्यटनाचा पहिला राष्ट्रीय कायदा केला आणि २००६ साली त्याच्या जागी नवा आणला. या कायद्याचे मर्म एका अटीत आहे : पाहुण्यांची सरबराई हे शेतीला पूरक काम असले पाहिजे, मुख्य काम शेतीच राहिले पाहिजे. मुख्य कोणते आणि पूरक कोणते हे ठरविताना कामाला किती वेळ जातो, हे पाहण्याची तरतूद आहे. पाहुण्याच्या ताटातील पदार्थांत स्वतःच्या शेतातील आणि त्याच परिसरातील शेतांतील मालाचा ठरावीक वाटा असावा लागतो. पाहुण्याकडून जो पैसा येतो तो द्राक्षाच्या वेलीपर्यंत आणि ऑलिव्हच्या झाडापर्यंत पोचावा, अशी ही योजना आहे.

आपल्याकडे परीक्षा बहुधा खोल्यांची आणि स्वच्छतागृहांची होते. ती व्हावीच, अस्वच्छतेचे समर्थन कोणी करणार नाही. पण तेवढ्यावर थांबल्यास पुढे काय घडेल हे सांगावयास ज्योतिषी नको. ज्याच्याकडे भांडवल आहे तो खोल्या बांधील, आणि ज्याच्याकडे केवळ पीक आहे तो बाजूला पडेल. नोंदणी देताना, आणि त्यानंतर दरवर्षी, या जमिनीत यंदा काय पिकले, आणि त्यातले पाहुण्याच्या ताटात किती आले, हे दोन प्रश्न विचारले जावेत. पीकपाहणीत पहिल्याचे उत्तर मिळते. दुसऱ्याचे उत्तर स्वयंपाकघराच्या खरेदीच्या वहीत सापडेल.

ताटात काय आहे?

निसर्गाने आणि शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी या प्रांताला किती विविध अन्न दिले आहे, याची कल्पना भौगोलिक मानांकनांच्या यादीवरून नजर फिरविली तरी येते. मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मुळशीचा आंबेमोहोर, कोरेगावचा वाघ्या घेवडा, जळगावचे भरताचे वांगे, नवापूरची तूरडाळ, पुरंदरचे अंजीर, रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे कोकम – ही सारी मानांकने २०१६ सालची. कोकणच्या हापूसला ते २०१८ साली मिळाले. पण मानांकनाचा कागद भिंतीवर लावून पोट भरत नाही. पाहुणा कोरेगावला जावो की आजऱ्याला, त्याच्यापुढे येते ती एकाच साच्यातली थाळी : पनीरची लालभडक भाजी, मैद्याची रोटी आणि पाकिटातले लोणचे. ज्या तालुक्यात घेवडा पिकतो, त्याच तालुक्यात पाहुण्याला घेवड्याची आमटी मिळू नये, यापरते दुर्दैव कोणते?

यात केवळ रुचीचा प्रश्न नाही, हिशेबाचाही आहे. शेतकरी घनसाळ तांदूळ पोत्याने विकतो तेव्हा त्याला व्यापारी देईल तो दर मिळतो. तोच तांदूळ शिजवून, सोबत पिठले आणि ठेचा देऊन तो पाहुण्याला जेवू घालतो, तेव्हा मधल्या सगळ्या हातांचा नफा त्याच्या घरात राहतो. पाहुणा जाताना दोन किलो तांदूळ विकत नेतो आणि पुढल्या वर्षी टपालाने मागवितो. एका जेवणातून कायमचे गिऱ्हाईक मिळते. शिवाय जे खाल्ले जाते तेच पेरले जाते, हा शेतीचा जुना नियम आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जपले आणि २०२० साली शासनाने त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविले. परंतु बियाण्यांच्या पेढीतील वाण टिकावयाचा तर तो चुलीपर्यंत पोचला पाहिजे. घेवड्याला खाणारा मिळाला तरच घेवडा लावणारा उरेल.

यजमान कोण?

चुलीचा विषय निघाला की आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. कृषी पर्यटनात विकली जाते ती मुख्यतः बाईच्या हातची भाकरी. पहाटे उठून सडा घालणारी, दळण आणणारी, पन्नास पाहुण्यांच्या भाकऱ्या थापणारी ती. फलकावर नाव मात्र मालकाचे. १९८६ साली चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले, आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन करून दिली. त्यामागचा विचार येथे तंतोतंत लागू पडतो. महिलांच्या पर्यटन-व्यवसायाला साहाय्य करण्यासाठी राज्याने २०२३ साली ‘आई’ या नावाचे धोरण आणले, ही चांगली गोष्ट झाली. त्याच न्यायाने प्रत्येक कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी आणि बँकेचे खाते पती-पत्नी दोघांच्या नावे असावे. यात औदार्याचा प्रश्न नाही. केलेल्या कामाची नोंद व्हावी एवढेच.

आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नाही त्यांचे काय? भूमिहीन मजूर, कारागीर, वाडीवस्तीवरचे आदिवासी यांच्या वाट्याला या धंद्यात भांडी घासण्यापलीकडे काही यावयाचे की नाही? अकोले तालुक्यातीलच पुरुषवाडी या आदिवासी गावात याचे एक उत्तर मिळते. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी लोक तेथे येतात. पाहुण्यांना गावातल्या वेगवेगळ्या घरी जेवावयास पाठविण्याची पद्धत तेथे रुजली आहे. त्यामुळे पाहुणा एका मालकाचा न राहता गावाचा होतो. २०२० च्या धोरणात कृषी सहकारी संस्थांनाही केंद्र चालविण्याची मुभा आहे. सहकाराचे धडे देशाला देणाऱ्या महाराष्ट्राने या मार्गाने गावोगाव पाऊल टाकावयास हरकत नसावी.

तसे झाले नाही तर दुसरी वाट उघडीच आहे. कर्जत, मुळशी, मावळ या बाजूंना ती ठळक दिसते. शेतकरी जमीन विकतो. तेथे बंगला उठतो. त्यापुढे हिरवळ पसरते. आणि कालचा मालक आपल्याच बांधावर गणवेश चढवून रखवालदार म्हणून उभा राहतो. पाण्याचेही तसेच. उन्हाळ्यात ज्या गावाला टँकरने पाणी येते, त्याच गावच्या हद्दीत कृत्रिम पावसात नाचण्याची सोय करणारी केंद्रे असावीत, याला विपर्यास म्हणावयाचे नाही तर दुसरे काय? टंचाईग्रस्त गावात जलक्रीडेला परवानगी नाही, असा स्पष्ट नियम ग्रामसभांनी करावा आणि शासनाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

स्वग्राम हरवलेले लोक

सगळा भार शासनावर टाकून आपण, म्हणजे पगारदार मध्यमवर्ग, मोकळे होऊ शकत नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना ‘स्वग्राम’ आणि ‘महाराष्ट्र दर्शन’ यांसाठी रजा प्रवास सवलत मिळते. यातील ‘स्वग्राम’ हा शब्द कसा मनाला चटका लावतो! तो नियमांत राहिला. पुष्कळांचे गाव मात्र कागदापुरते उरले. मामा शहरात आला, आजोळचे घर पडले, आणि मे महिन्यात आंब्याच्या अढीभोवती घुटमळणारी मुले आता आंबा पेटीतच पाहतात. कृषी पर्यटनाची मागणी येते ती या पोकळीतून. आजोळ पैसे देऊन मिळत नसते, हे खरे. पण पैसे देऊनही माणसाने माणसासारखे वागावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

शाळांनी आपली वार्षिक सहल एकदा तरी चालत्या शेतावर न्यावी. इतिहासासाठी किल्ला दाखवितो, तशी शेतीसाठी भातलावणी दाखवावी. चिखलात अर्धा तास वाकून रोपे लावलेला विद्यार्थी पुढे ताटात भात टाकताना क्षणभर थांबेल. तासभराच्या पाठाने जे साधत नाही ते असे साधते. नोकरदारांनी आपल्या चार दिवसांच्या रजेतला एखादा मुक्काम अशा घरी करावा. तेथे घराघरांत जे शिजते ते आनंदाने खावे, दरात घासाघीस करू नये, आणि यजमानाची भाषा, जात, दारिद्र्य यांचे छायाचित्र काढण्यापूर्वी आपल्या घरात कोणी असे केले तर चालेल काय, हे स्वतःला विचारावे. गाव म्हणजे प्रदर्शन नव्हे. पाहुण्याने तेथे पाहुण्यासारखेच राहिले पाहिजे.

शेतकऱ्याला पर्यटन पोसणार की पर्यटनाला शेतकरी पोसणार, याचा निवाडा पुढल्या थोड्या वर्षांत होईल. फलक वाढतील, खोल्याही वाढतील. पण वर्षअखेरीस मोजावयाचे ते या धंद्यामुळे किती एकर जमीन पेरती राहिली आणि किती घरांतील तरुण मुले शेतावर टिकली. या मापाने जे केंद्र उतरेल त्याला शासनाने सवलत द्यावी आणि आपण आपले पैसे. बाकीच्यांनी खुशाल उपाहारगृहे काढावीत. शेतीचे नाव मात्र त्यांनी शेतकऱ्याकडेच राहू द्यावे.