एका हाताचे २२२ आठवडे

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील कामगार नुकसानभरपाईचा कायदा श्रमिकाच्या देहाची वाटणी मोठ्या बारकाईने करतो. तर्जनी गेली तर ४३ आठवडे, अंगठा गेला तर ६२, पंजा गेला तर १७० आणि सबंध हात गेला तर २२२ आठवडे भरपाई. आठवड्याची कमाल रक्कम २२० डॉलर. ती १९८० च्या दशकात ठरली. या हिशेबाने कामगाराच्या हाताचे मोल ४९ हजार डॉलरांच्याही आत भरते. कोंबडीच्या मांसाचे कारखाने हा या राज्याचा एक प्रमुख उद्योग आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या कोष्टकाचा अर्थ कळतो.

यंत्रात हात सापडला की मालकवर्ग त्याला अपघात म्हणतो. आम्हांला हा शब्द मान्य नाही. सफाईपूर्वी यंत्राची वीज तोडावी आणि ती पुन्हा कोणी सुरू करू नये म्हणून बटणाला कुलूप घालावे, असा अमेरिकेतही नियम आहे. तरीही जुलै २०२३ मध्ये मिसिसिपी राज्यातील हॅटिसबर्ग येथे हाडे वेगळी करणारे यंत्र साफ करताना एक सोळा वर्षांचा मुलगा त्यात ओढला जाऊन मरण पावला. तो मजूर पुरवठादारामार्फत कामावर आला होता. यंत्र कुलूपबंद करण्याचा नियम पाळला गेला नव्हता, असे सरकारी तपासात आढळले. याच कारखान्यात २०२१ साली एका कामगाराची बाही यंत्रात अडकून त्याचा बळी गेला होता. पहिल्या मृत्यूनंतरही जिथे कुलूप लागत नाही, तिथल्या दुसऱ्या मृत्यूला अपघात कसे म्हणावे?

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्याने आणखी एक प्रकरण उघड केले. सफाईचे कंत्राट घेणाऱ्या एका कंपनीने आठ राज्यांतील १३ मांस कारखान्यांत १३ ते १७ वर्षे वयाची किमान १०२ मुले रात्रपाळीला जुंपली होती. हाडे कापणारी व डोकी चिरणारी यंत्रे ती धूत होती. कंपनीला दंड झाला तो दर मुलामागे १५,१३८ डॉलर, आणि कायद्याने तेव्हा घेता येणारा हा कमाल दंड होता. ज्यांची यंत्रे ही मुले धूत होती त्या कारखानदारांना मात्र दंड झाला नाही. कंत्राटदार मध्ये उभा करण्याचे इंगित हेच : नफा आत ठेवायचा आणि जबाबदारी बाहेर.

१९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या मांस कारखान्यांतील श्रमिकांची दशा जगापुढे मांडली. देश हादरला आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. खाणाऱ्याचे पोट असे सुरक्षित झाले. कापणाऱ्याच्या हातासाठी देशव्यापी सुरक्षा कायदा यायला १९७० साल उजाडावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये कृषी खात्याने करविलेल्या अभ्यासात, तपासलेल्या कोंबडी कामगारांपैकी ८१ टक्क्यांना स्नायू व सांध्यांच्या विकारांचा वाढीव धोका आढळला. मार्चमध्ये त्याच खात्याने वाढीव वेगाच्या सवलती चालू ठेवण्याचे व कारखान्यांकडून कामगार सुरक्षेची माहिती मागविणे थांबविण्याचे जाहीर केले. जखमा मोजायच्याच नाहीत, म्हणजे त्या नाहीत असे म्हणता येते!

कंत्राटदाराचा हा पडदा आपल्या औद्योगिक वसाहतींतील साथींना अपरिचित नाही. म्हणूनच तेथील श्रमिकांची मागणी ही आपलीही मागणी ठरते. यंत्र ज्याचे, जबाबदारी त्याची. मध्ये कितीही कंत्राटदार असोत. वेग ठरविताना कामगार संघटनेची संमती घेतलीच पाहिजे. धोका दिसताच यंत्र थांबविण्याचा अधिकार यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला हवा. आणि गेलेल्या हाताची भरपाई आठवड्यांच्या कोष्टकाने नव्हे, तर त्या हाताने आयुष्यभर जे कमावले असते त्यावरून ठरली पाहिजे. २२२ आठवडे म्हणजे जेमतेम सव्वाचार वर्षे. त्यानंतर भरपाई थांबते. तुटलेला हात घेऊन श्रमिकाला मात्र उरलेला जन्म काढावा लागतो.