घरात कुणी जेंट्स आहेत का?

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असंच होतं का ते सांगा. मिक्सर जळला, कुकरची शिट्टी बिघडली तर दुकानदार आपल्याशीच बोलतो. पण कॉम्प्युटर बिघडला की समोरचा माणूस लगेच आपल्या नवऱ्याला शोधायला लागतो!

2025च्या डिसेंबरमधली गोष्ट. पोहरादेवीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं छोटंसं दुकान आहे. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, एक पंखा. रामनवमीच्या यात्रेत गावात पाय ठेवायला जागा नसते, एरवी आपलं पोटापुरतं चालतं. पण त्या महिन्यात माझ्या दारातच यात्रा भरली होती. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत 18 नोव्हेंबरवरून 31 डिसेंबरपर्यंत वाढली होती. आजूबाजूच्या तांड्यांवरून बाया यायच्या. कुणाचा आधारला जोडलेला मोबाइल नंबरच बंद, कुणाला ओटीपी येत नाही. महिन्याचे दीड हजार ज्यांना चिल्लर वाटतात, त्यांनी एकदा तांड्यावर येऊन बायांचा हिशोब ऐकावा.

अशात एका सकाळी लॅपटॉप सुरूच होईना. रात्री त्याने आपणहून अपडेट घ्यायला सुरुवात केली होती आणि मध्येच बॅटरी संपली. आता नुसता निळा पडदा, त्यावर गोल फिरणारे ठिपके. घेऊन अकराच महिने झालेले, वॉरंटी शिल्लक होती. म्हटलं, काळजी कशाला? कंपनीचा फुकटचा नंबर लावला.

इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन. मराठीसाठी काहीच नाही. दोन दाबलं. मग वीस मिनिटं वाजंत्री. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे हिंदीतून इतक्यांदा ऐकलं, की बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या याडीने शेवटी विचारलंच, “ते बाई घडीघडी काय सांगून रायली वो?”

एकदाचा माणूस आला. “मॅडम, बंद करके चालू कीजिए.” केलं. “फिर से कीजिए.” तेही केलं. मी सांगत होते, की अपडेट अर्धवट राहिलाय, तेवढाच काढता येईल का? हा प्रश्न त्याच्या समोरच्या कागदावर नसावा. जरा थांबून तो म्हणाला, “घर में कोई जेंट्स हैं? उनको फोन दीजिए.”

आहेत की जेंट्स! दुपारी शेतातून जेवायला आले, तेव्हा मी पुन्हा नंबर लावला आणि खरंच फोन त्यांच्या हातात दिला. त्यांना लॅपटॉपचं झाकण कुठून उघडतं एवढंच ठाऊक. पण त्यांच्याशी मात्र पलीकडचा अगदी अदबीनं बोलला. तो विचारायचा, हे माझ्याकडे बघायचे, मी हळूच सांगायची, हे मोठ्यानं त्याला सांगायचे. हसावं की रडावं?

निकाल असा लागला, की लॅपटॉप अकोल्याच्या सेंटरला आणून द्या, दहा दिवस लागतील आणि आतलं सगळं पुसलं जाईल. आमच्या पिनकोडवर घरी येऊन दुरुस्ती होत नाही म्हणे. विकताना पिनकोड कुणी विचारला नव्हता. आणि संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कृपया आम्हाला तारे द्या.’

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून एसटीने दिग्रसला गेले. तिथल्या दुकानातल्या पोराने आधी माझ्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या, मग तो अर्धवट अपडेट काढून टाकला. तासाभराचं काम. काय केलं ते त्याने मला मराठीत वहीवर लिहूनही दिलं. पण त्या दोन दिवसांत दारातून परत पाठवलेल्या बायांपैकी तिघी पुन्हा आल्याच नाहीत. त्यांचं काम दुसरीकडे झालं की राहूनच गेलं, कोण जाणे.

माझी जाऊ अंगणवाडी सेविका. तिला हे सांगितलं तर ती म्हणते, “तुह्या एका लॅपटॉपचं काय घेऊन बसली? आमचं पाय ना!” खरंच आहे. सेविकांना 2019 मध्ये सरकारी फोन मिळाले. कमी ताकदीचे, गरम होणारे, सारखे अडकणारे. 2021 मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं, तेही इंग्रजीत. लेकरांची वजनं-उंची त्यात भरायची कशी? दुरुस्तीचा खर्च वर सेविकांच्याच पदरातून. शेवटी 2021च्या ऑगस्टमध्ये राज्यभर हजारो सेविकांनी ते फोन कार्यालयात नेऊन परत केले. नव्या फोनचा शब्द मिळायला 2023च्या फेब्रुवारीतला संप करावा लागला. त्यांनाही आधी हेच ऐकावं लागलं, की बायांना फोन वापरता येत नाही.

फोनवरच्या त्या पोरावर माझा राग नाही. एक कॉल किती मिनिटांत संपवायचा हे त्यालाही बांधून दिलेलं असतं. राग आहे तो त्या मेसेजचा. तक्रार माझी, बंद पडलेलं दुकान माझं, मग ती सुटली हे ठरवणारी कंपनी कोण? मी ‘हो, सुटली’ म्हणेपर्यंत ती उघडीच राहिली पाहिजे. आणि महाराष्ट्रात माल विकता तर मराठीचं एक बटण ठेवायला काय होतं?

तोवर आपण आपलं बघायचं. तक्रार नंबर, वेळ, बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवायचं. मी ते लिहिलं नव्हतं, म्हणून पुढे भांडताना तोंडावर पडले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, म्हणजे आम्हाला वाशीम पुरे. आणि एक कळकळीनं सांगते, कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका, बिलावरचाच लावा. भामटे तिथे खोटे नंबर टाकून बसलेले असतात. ते ‘मदत’ म्हणून एखादं ॲप घ्यायला लावतात आणि आपला फोन त्यांच्या ताब्यात जातो. पैसे गेलेच, तर त्याच घटकेला 1930 लावा.

मला मात्र महिन्याभराने कंपनीचाच फोन आला. वॉरंटी संपत आलीय, पैसे भरून वाढवता का? मुलगी अगदी छान, स्वच्छ मराठी बोलत होती. मी म्हटलं, “ताई, तुम्ही तेव्हा कुठं होता?” ती म्हणाली, “मॅडम, आमचं विक्रीचं डिपार्टमेंट वेगळं असतं.”