मुलाचे वय आणि मुलीचे वय

आमच्या वाचकांत व्यापारी गृहस्थ पुष्कळ आहेत. मापात पाप केले असता पेढीची पत कशी जाते, हे त्यांस आम्ही सांगावयास नको. तथापि दुकानात चोख तोलणाऱ्या कित्येक घरांतून एक माप बिनदिक्कत खोटे केले जाते व त्याची लाज कोणासही वाटत नाही. हे माप म्हणजे मैदानावर उतरणाऱ्या मुलाचे वय होय.

१४ किंवा १६ वर्षांखालील सामन्यांत चिरंजीवांची वर्णी लावावयाची असली, म्हणजे दाखल्यावरील जन्मसाल एकदोन वर्षांनी पुढे सरकते. ह्या वयात मुलगा एका वर्षात तीन-चार इंच वाढू शकतो. एकाच महिन्यात जन्मलेल्या दोघांपैकी एकास मिसरूड फुटलेले असते, तर दुसऱ्याचा अजून आवाजही फुटलेला नसतो. निसर्गाचा हा पक्षपात थोडा का आहे, म्हणून बापाने त्यात आपल्या पदरची दोन वर्षे घालावी? असा थोराड मुलगा जिंकतो तो अंगबळाने, कसबाने नव्हे. परंतु आपल्यासारखा आपणच, हा ग्रह त्याच्या मनात पक्का बसतो. पुढे अठराव्या वर्षी बरोबरीचे गडी उंचीने व ताकदीने त्याला गाठतात, तेव्हा हार कशी सोसावी हे त्यास कोणी शिकविलेलेच नसते. आणि जो चणीने लहान पण हाताचा कुशल, तो आपण निकामी आहो असे समजून तेराव्या वर्षीच बॅट खुंटीला टांगतो. ह्या दुसऱ्या मुलाची नोंद कोठेच होत नाही.

राहुल द्रविड यांनी २०१५ साली पतौडी व्याख्यानात ह्या लबाडीस सामने ठरवून खेळण्याच्या पंक्तीस बसविले, ते आम्हांस सर्वथा मान्य आहे. क्रिकेट मंडळ आता मुलांच्या मनगटाचे क्षकिरण चित्र घेऊन हाडांवरून वय अजमाविते. हाही हिशेब थोडाफार चुकतो, हे खरे. पण बापाच्या शब्दापेक्षा पोराच्या हाडांवर विश्वास ठेवण्याची पाळी यावी, हीच मोठी नामुष्की नव्हे काय?

लबाडी नसली तरी लोकांचे कौतुकही जीव गुदमरविते. २०१६ साली कल्याणच्या एका १५ वर्षांच्या मुलाने शालेय सामन्यात एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. देशभर जयजयकार झाला, विद्यावेतन मिळाले. दीड वर्षातच, खेळ मनासारखा होत नाही म्हणून, ते थांबवावे असे त्याच्या घरूनच कळविण्यात आले. त्या मुलाचे नाव घेऊन त्याच्या ओझ्यात भर घालण्याची आमची इच्छा नाही. वेतन परत करण्यात जो प्रांजळपणा दिसला, तो जयजयकार करणाऱ्यांत मात्र दिसला नाही.

आता मुलीकडे वळू. येथे हिशेब अगदी उलटा. मुलाचे वय घटविणारे घर मुलीचे वय वाढवून मोजते. मुली मुलांहून सुमारे दोन वर्षे आधी वाढीस लागतात. म्हणून अकरा-बाराव्या वर्षी आळीतील पोरांना शर्यतीत मागे टाकणारी मुलगी घरोघर आढळते. ‘पोरीकडून हरलास!’ म्हणून मुलास टोमणे मिळतात, आणि जिंकणाऱ्या मुलीस ‘आता तू लहान का आहेस?’ असे ऐकावे लागते. ऊन लागून रंग उतरेल, उद्या स्थळे येतील तेव्हा काय सांगावयाचे, अशी काळजी आजी, आत्या व शेजारीण मिळून वाहतात. मुलगी घरात येते ती ऐन उमेदीच्या वर्षी. सांगलीच्या स्मृती मानधना हिच्या घरी हा हिशेब मांडला असता तर? ती ९व्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात व ११व्या वर्षी १९ वर्षांखालील संघात आली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या संघाची ती उपकर्णधार होती. त्या रात्री पेढे वाटणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या कन्येस मैदानावरून परत बोलाविले होते, हे त्यांचे त्यांनीच आठवावे.

मैदानावर मुलींस कपडे बदलावयास खोली नाही, शौचकूप नाही, शिक्षिका नाही, मग पाठवावे कसे, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप खरा आहे, व तो घेणाऱ्यांस आम्ही हसणार नाही. परंतु गावोगावच्या सामन्यांच्या ढाली कोणाच्या देणगीतून येतात? व्यापाऱ्यांच्याच ना? मग पुढची ढाल देण्यापूर्वी चिटणीसांस दोन प्रश्न विचारावे: मुलींसाठी खोली बांधली काय, आणि मुलांचे दाखले कोणी तपासले? उत्तर समाधानकारक नसेल तर ढालीऐवजी विटा व चुना पाठवावा. देणगीदाराचे नाव भिंतीवरही कोरता येते.

लवकरच शाळांतून नावनोंदणीचे कागद घरी येतील. त्यांवर जन्मतारीख भरावी लागेल व खाली पालकाची सही लागेल. मुलाच्या कागदावर खरी तारीख पडावी, आणि मुलीचा कागद सहीवाचून परत जाऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.