रुपयाचा भाव कोणाच्या चुलीवर मोजायचा?

"1947 मध्ये एक रुपया म्हणजे एक डॉलर होता." हा मेसेज आपल्याही ग्रुपवर फिरतो. साफ खोटं! तेव्हा रुपया 1 शिलिंग 6 पेन्सला बांधलेला होता, म्हणजे पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. पौंड होता चार डॉलरच्या आसपास. करा हिशेब, डॉलर सव्वातीन रुपयांच्या वर जातो.

पण पौंड-डॉलरवर छाती फुगवायचीच कशाला? रुपयात जिन्नस किती येतो, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता. 1923 चं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' त्याच प्रश्नावर उभं आहे. 1925 मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा मुंबईचे व्यापारी-गिरणीवाले 1 शिलिंग 4 पेन्सचा दर मागत होते. रुपया स्वस्त झाला की भाव चढतात, मजुरी मात्र मागेच रेंगाळते. तो नफा परदेशातून येत नाही, मजुराच्या ताटातून उचलला जातो, हे बाबासाहेबांनी ओळखलं. म्हणून दर या दोन्हींच्या मध्ये असावा, आणि मजुरी-पगारावर जगणाऱ्यांचं हित पाहिलं तर 1 शिलिंग 6 पेन्सच्या जवळ असावा, असं त्यांनी मांडलं. सरकारला 6 पेन्सचाच दर हवा होता, असू दे! पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी कमिशनच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडली ती 4 पेन्ससाठी. राष्ट्रवादी पुढारीही त्याच बाजूला. देशाचं हित म्हणून कोणाचं हित खपवलं जात होतं?

भंडाऱ्यात विड्या वळणाऱ्या बाईला हजारावर मजुरी मिळते. आकडा वाढला की मालक आणि पुढारी दोघंही टाळ्या घेतात. 14 एप्रिलला बाबासाहेब आणि रिझर्व्ह बँकेचं बॅनर लावणाऱ्यांनी यंदा त्याखाली हजार विड्यांची मजुरी लिहावी, आणि तेवढ्यात तांदूळ किती किलो येतो तेही.