आरोग्याचा तास कामाच्या वेळेतलाच हवा

वाशीम जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी मुख्य लिपिक आहे. कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य शिबिर, योगवर्ग, क्रीडास्पर्धा असं जे काही होतं, त्याची जुळवाजुळव गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. परवानगीचं पत्र, डॉक्टरांची वेळ, सतरंज्या, चहा-पोहे, हजेरीपट, अहवाल हे सगळं मी करते आणि मनापासून करते. म्हणूनच स्पष्ट लिहिते. हे उपक्रम कार्यालयीन वेळेबाहेर ठेवले जातात, तोवर ज्याला त्यांची खरी गरज आहे तो माणूस तिथे येणार नाही.

योग दिनाचंच घ्या. कार्यक्रम असतो सकाळी सातला. २१ जून म्हणजे आमच्याकडे मृग सरून आर्द्रा लागायचे दिवस. पाऊस वेळेवर झाला असेल तर गावोगाव सोयाबीन-तुरीच्या पेरणीची धांदल. आमचे शिपाई, प्रयोगशाळा परिचर, चौकीदार यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे थोडीफार कोरडवाहू शेती आहे. त्या सकाळी ते तिफणीमागे असतात. बायांचं वेगळंच. डबे, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधं उरकून खेड्यावरून एसटी धरायची, तर सातला मैदानावर पोहोचायचं कसं? अकोल्याहून, हिंगोलीहून अपडाऊन करणारे प्राध्यापक गाडीच्या वेळेला बांधलेले. मग मैदानावर कोण दिसतं? जे एरवीही रोज पहाटे फिरायला जातात, घरी प्राणायाम करतात, तेच. त्यांचं कौतुकच आहे. पण त्यांच्यासाठी शिबिराची गरज नव्हती.

ही काही फक्त आमच्या जिल्ह्याची कथा नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २०१६ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी असाच आरोग्य उपक्रम सुरू झाला आणि तिथल्या अर्थतज्ज्ञांनी त्याची नीट परीक्षा घेतली. जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांनी नाव नोंदवलं. कुणाला उपक्रमात घ्यायचं आणि कुणाला नाही, हे कुणाच्याही मर्जीवर न ठेवता यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. तपासणी झाली, वर्ग झाले, भाग घेणाऱ्यांना पैशाचं प्रोत्साहनही दिलं. दोन वर्षांनी पाहिलं तर वजन, रक्तदाब, दवाखान्याचा खर्च यांत दोन गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. आपणहून पुढे येणाऱ्यांचा दवाखान्याचा खर्च मुळातच कमी होता. फरक पडला तो तपासणीत: उपक्रमात घेतलेल्यांपैकी जास्त लोकांनी आरोग्य तपासणी करून घेतली, आणि आपली संस्था आपल्या तब्येतीची काळजी करते असं त्यांना अधिक वाटू लागलं. ब्रिटनमध्ये विल्यम फ्लेमिंग या संशोधकाने २३३ संस्थांमधल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर २०२४ मध्ये लेख प्रसिद्ध केला. ताण कमी करण्याचे वर्ग, ध्यानाची ॲपं, सल्ल्याची सत्रं घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात त्यांना फरक आढळला नाही. स्वयंसेवी कामाची संधी मिळालेल्यांचा तेवढा अपवाद. कामाची रचनाच सुधारा, असा त्यांचा निष्कर्ष.

हे वाचून कुणी म्हणेल, मग बंदच करा ना हे सगळं. मी उलट म्हणते. यातून काय ठेवायचं आणि काय बदलायचं ते कळतं. तपासणी ठेवायची. ती कामाच्या जागी, कामाच्या वेळेत आणायची. आणि खुर्ची, पाणी, संडास, कामाचे तास यांनाही आरोग्याच्या खात्यात धरायचं.

आमच्याकडे हे एकदा करून पाहिलं. बुधवारी अकरा ते दोन, क्रीडा विभागाच्या खोलीत, सरकारी रुग्णालयातल्या सिस्टर रक्तदाबाचं यंत्र आणि साखर तपासायच्या पट्ट्या घेऊन बसल्या. प्रत्येक विभागातून दोघांनी यायचं, ते परत गेले की पुढचे दोघे. कार्यालयाची खिडकी बंद ठेवावी लागली नाही. प्रात्यक्षिकाची तुकडी सुटली तसे प्रयोगशाळा परिचर आले, पुस्तकांची देवघेव थांबली तसे ग्रंथालयातले आले. आमचे एक ज्येष्ठ शिपाईकाका दारातच अडून बसले. "मले काय झालं बाई? मी तं रोज गावावरून सायकल हानत येतो." सिस्टरांनी वाद घातला नाही. पाठ टेकवून पाच मिनिटं स्वस्थ बसवलं, अर्ध्या तासात चहा घेतला का विचारलं, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवायला लावला आणि मग पट्टा बांधला. १७८ आणि १०४. पुन्हा पाच मिनिटं, मग दुसरा हात. आकडा जवळपास तोच. काका बराच वेळ त्या यंत्राकडे बघत राहिले. त्यांना चक्कर नव्हती, डोकं दुखत नव्हतं, काहीच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं होतं की जगात उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी ४६ टक्क्यांना तो आहे हेच ठाऊक नसतं. आमच्या खोलीत तो आकडा खुर्चीत बसलेला होता.

काका आज गोळी घेतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले आहेत, त्यामुळे खिशाला तोशीस नाही. अडचण असते ती तिथे जायला लागणाऱ्या अर्ध्या दिवसाची. बाह्यरुग्ण विभाग सकाळी, आमचं कार्यालयही सकाळीच. किरकोळ रजा टाकून रक्तदाब दाखवायला कोण जाईल? महिन्यातून एकदा दोन तासांची सवलत दिली, तर अशा माणसांची गोळी सुटणार नाही. कागदावर ही सवलत फार किरकोळ आहे. न दिल्याची किंमत मात्र अर्धांगवायूनंतर कुटुंबाला कळते.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती अजून टोचते. तपासणीची यादी पगारपत्रकावरून निघाली होती. पगारपत्रकावर कायम कर्मचारी. सफाईचं काम करणाऱ्या बाई कंत्राटदाराकडून येतात, त्यांचं नाव नाही. रात्रीचा पहारेकरी कंत्राटी, त्याचं नाव नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण प्राध्यापक, ज्यांना तासांप्रमाणे मानधन मिळतं आणि तेही महिनोन्‌महिने रखडतं, त्यांचीही नावं नाहीत. म्हणजे ज्यांच्या नोकरीचा भरवसा सर्वात कमी आणि अंगमेहनत किंवा धास्ती सर्वात जास्त, तेच यादीबाहेर. सिस्टरांनी त्या बाईंना बोलावून घेतलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आणि रक्त तपासायला चिठ्ठी दिली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये, ५४ टक्क्यांमध्ये, रक्तक्षय आढळला आहे. जिने सगळ्या इमारतीचे जिने झाडायचे, तिची तपासणी आधी व्हायला हवी.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या निकषांत सहावा निकष आहे. त्यात ६.३.१ क्रमांकाखाली शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी कल्याणाच्या परिणामकारक योजना आहेत का, असं विचारलं जातं. हा प्रश्न विचारला जातो हे फार चांगलं आहे. त्याच्यामुळेच माझ्यासारखीला प्राचार्यांपुढे जाऊन काही मागता येतं. पण पुरावा म्हणून जोडायचे असतात ते अहवाल आणि ठिकाण-वेळ छापलेले फोटो. त्यामुळे फोटोत दिसेल असा कार्यक्रम पसंत पडतो. मांडी घालून बसलेल्या रांगा फोटोत दिसतात. महिन्याला दोन तासांची सवलत दिसत नाही, दुरुस्त केलेली खुर्ची दिसत नाही, काकांची नियमित चाललेली गोळी दिसत नाही. सहभागी किती, यापेक्षा पहिल्यांदाच तपासणी झालेले किती आणि त्यांच्यातले पुढे उपचारावर टिकले किती, हे विचारलं तर सगळा उपक्रम बदलेल.

आता कामाविषयी. आमच्या कार्यालयात ताण कशाचा, असं मला कुणी विचारलं तर मी ऋतू सांगेन. जून-जुलैत प्रवेश. त्याच्यामागोमाग राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी, ज्यात एका विद्यार्थ्याच्या जातप्रमाणपत्रातलं आणि आधारमधलं नाव जुळलं नाही की अर्ज परत. मग परीक्षा अर्ज, हिवाळी परीक्षा, गुण भरणं, आणि लगेच उन्हाळी परीक्षेची तयारी. उन्हाळी परीक्षा म्हणजे वाशीमचं चाळिशी ओलांडलेलं ऊन, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आणि कूलर असेल तर तो साहेबांच्या खोलीत. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, तेव्हापासून श्रेयांकांची आणि विषयांच्या नव्या गटांची नोंदही आली. काम वाढलं, माणसं निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. राज्यभरातल्या विद्यापीठ-महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी २०२३ च्या फेब्रुवारीत आंदोलन केलं, परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. त्यांच्या मागण्यांत आश्वासित प्रगती योजना होती आणि रिक्त पदं भरणंही होतं. पदभरतीची ती मागणी मला आरोग्याची मागणी वाटते. दोघांचं काम वर्षानुवर्षं एकाने करायचं, आणि त्याला ताणमुक्तीचं व्याख्यान ऐकवायचं, हे मला पटत नाही.

राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या शेवटापासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. शाळा-महाविद्यालयं त्यातून वगळली गेली. विद्यार्थ्यांचं नुकसान नको, हे मलाही मान्य आहे. मग निदान आठवड्यातला एक तास तरी आम्हाला कामाच्या वेळेतून द्या. शनिवारी दुपारी वर्दळ कमी असते, तेव्हा द्या. त्या तासात ज्याला चालायचं त्याने मैदानाला फेऱ्या माराव्यात, ज्याला पाठीचे व्यायाम शिकायचे त्याने शिकावेत, ज्याला नुसतं झाडाखाली बसायचं त्याने बसावं. पुष्कळ महाविद्यालयांत व्यायामशाळा आहे, शारीरिक शिक्षण संचालक आहेत. विद्यार्थ्यांचा वेळ सोडून ती कर्मचाऱ्यांना उघडी ठेवायला एक पैसा लागत नाही. क्रिकेटचे सामने जरूर भरवा, पण त्यात बाया फक्त टाळ्या वाजवायला बसतात हे आयोजकांनी बघितलं पाहिजे. आमच्याकडे बायांना विचारलं तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या: दुपारी डबा खायला, घटकाभर पाय लांब करायला खोली, आणि पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह. कडी तुटलेली, म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी कार्यालयात पाहिल्या आहेत. पुढे लघवीला जळजळ, ताप, आणि मग आजारपणाची रजा. आमचं विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाचं आहे. गाव झाडून झाल्यावरच कीर्तनाला उभं राहणाऱ्या त्या माणसाचं नाव लावणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयात आरोग्य सप्ताहाचं उद्घाटन स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीने व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

डोळ्यांचंही तसंच. आमच्यातले एक सहकारी गुणपत्रिका हात लांब करून वाचायचे आणि आकडे चुकले की बोलणी खायचे. चाळिशीचा चष्मा लागला होता, एवढंच. नेत्रतपासणीनंतर चष्मा मिळाला आणि चुका थांबल्या. त्यांना कामचुकार म्हणणारे आता काही म्हणत नाहीत.

मनाच्या दुखण्याबद्दल तालुक्याच्या गावात बोलणं अवघड आहे. मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात गाडी दिसली की संध्याकाळपर्यंत चौकात चर्चा. अशांसाठी १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही केंद्राची सेवा सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. आम्ही तो हजेरीपटाच्या कपाटावर चिकटवला आहे, कारण तिथे रोज प्रत्येकाची नजर जाते. कुणी फोन केला का, हे मी कुणालाही विचारत नाही, आणि कुणी विचारूही नये.

काही प्राचार्य म्हणतात, माणसंच कमी, त्यात वेळ कुठून काढणार? त्यांची अडचण खरी आहे. रिक्त पदं त्यांच्या हातात नाहीत. पण दोघा-दोघांची पाळी लावून तपासणी होते, हे आम्ही पाहिलं आहे. प्रवेशाची आणि परीक्षेची गर्दी सोडून ऑगस्ट आणि जानेवारी असे दोन महिने निवडता येतात. जिल्हा रुग्णालयाला, ग्रामीण रुग्णालयाला महिनाभर आधी पत्र गेलं, तर सिस्टर येतात. नाश्त्याला आणि बॅनरला जेवढा खर्च होतो, तेवढ्यात रक्तदाबाचं एक चांगलं यंत्र कायमचं कार्यालयात येतं.

विद्यापीठाने आपल्या पाचही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना नव्या सत्रापूर्वी एक परिपत्रक काढावं. त्यात आरोग्याचा तास कार्यालयीन वेळेत, तपासणी वर्षातून दोनदा, उपचार घेणाऱ्याला महिन्याला दोन तास, एवढंच असू द्या. आणि तपासणीची यादी पगारपत्रकावरून करू नका. फाटकातून रोज कोण आत येतं, ते चौकीदाराला विचारून करा.